छतावर हत्ती, जेवणावर आगगाडी: ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं घर

साडेतीन टनांचं एक झुंबर. अशी दोन. एकाच दालनात, एकाच छताला टांगायची. छत पेलणार का? १८७४ साली ग्वाल्हेरचा जयविलास महाल उभा राहत होता तेव्हा हा प्रश्न पडला आणि उत्तर शोधायला थेट छतावर हत्ती चढवले गेले! लांबलचक चढाव रचला, हत्ती वर नेले, काही दिवस फिरवले. छताला काही झालं नाही, मग झुंबरं चढली. हत्ती कोणी आठ सांगतं, कोणी दहा. आठच धरले तरी हिशेब करून बघा. मोठा हत्ती साडेतीन टनांचा धरला तर आठांचे झाले अठ्ठावीस टन. दोन झुंबरं मिळून सात. म्हणजे चौपट वजनाची परीक्षा. आजचे अभियंतेही या खबरदारीला मान डोलावतील.

ही झुंबरं आजही तिथेच आहेत. प्रत्येकात सुमारे २५० दिवे. दरबार हॉल १०० फूट लांब, ५० फूट रुंद, ४१ फूट उंच. भिंती आणि छतावरच्या सोनेरी कामात ५६० किलो सोनं गेलं असं सांगतात. सगळे पर्यटक मान वर करून बघत राहतात, ते साहजिकच आहे. पण माझा आग्रह आहे की मान खालीही घालावी. पायाखालचा गालिचा ग्वाल्हेरच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणलेला आहे आणि तो पुरा व्हायला बारा वर्षं लागली, असं सांगतात. एवढ्या मोठ्या दालनाला पुरेल असा सलग गालिचा! झुंबरांवर राजाचं नाव आहे, इमारतीवर वास्तुविशारदाचं आहे. गाठी मारणाऱ्या त्या हातांची नावं कुठेच नाहीत. या दालनात सगळ्यात जास्त वेळ मी त्या गालिच्यासाठी ठेवीन.

एक घर, तीन मजले, तीन शैली

जयविलास बांधला जयाजीराव शिंद्यांनी. निमित्त होतं इंग्लंडच्या युवराजाच्या, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेल्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हिंदुस्थान दौऱ्याचं. १८७५-७६ च्या त्या दौऱ्यात युवराज ग्वाल्हेरला आले आणि इथे उतरले. पाहुणा येणार म्हणून घराला रंग काढणं आपल्याला माहीत आहे. जयाजीरावांनी घरच नवं बांधलं. खर्च त्या काळचा सुमारे एक कोटी रुपये सांगितला जातो.

खोल्या चारशेच्या आसपास. बाहेरून नीट पाहिलं तर प्रत्येक मजल्याचे खांब वेगळे दिसतात. पहिला मजला टस्कन, दुसरा इटालियन-डोरिक, तिसरा कोरिंथियन. खालचे खांब साधे आणि दणकट, वर जावं तसे नाजूक आणि नक्षीदार. युरोपातल्या वास्तुकलेचा अख्खा धडा एका दर्शनी भिंतीवर वाचता येतो.

हा धडा लिहिणारा माणूस होता मायकेल फिलोज. नाव परकं, पण माणूस घरचाच. फिलोज घराणं मूळचं नेपल्सचं. त्यातले पूर्वज अठराव्या शतकात नशीब काढायला हिंदुस्थानात आले, शिंद्यांच्या फौजेत सेनाधिकारी झाले आणि इथलेच होऊन गेले. पिढ्यान् पिढ्या शिंद्यांचं मीठ खाल्लेल्या त्या घराण्यातल्या वंशजाने धन्यासाठी इटालियन वळणाचा महाल बांधला. ग्वाल्हेरचा मोतीमहालही त्याच्याच नावावर आहे.

ब्रँडी घ्या, गाडी थांबेल

आता महालातल्या सगळ्यात लाडक्या वस्तूकडे. भोजनगृहातल्या लांब टेबलावर रुळ टाकलेले आहेत आणि त्यावर एक चांदीची आगगाडी उभी आहे. पुढे इंजिन, मागे डबे. डब्यांवर एकेक इंग्रजी अक्षर: एस, सी, आय, एन, डी, आय, ए. सात डबे, सात अक्षरं, शिंद्यांचं इंग्रजी आडनाव पुरं! डब्यांत कोरीव काचेच्या सुरया. जेवणं झाली की महाराज कळ दाबत आणि गाडी ब्रँडी, सिगार घेऊन पाहुण्यांपुढून फिरायला लागे.

टेबलापाशी गर्दी असते. ती पुढे सरकू द्या आणि मग रुळांकडे जवळून बघा. खरी गंमत यंत्रात आहे. गाडी विजेवर चालते. पाहुण्याने सुरई उचलली की डब्यावरचं वजन जातं, वीज तुटते, गाडी जागच्या जागी थांबते. पेला भरून सुरई परत ठेवली की गाडी पुढच्या पाहुण्याकडे निघते. वाढप्याने मागे उभं राहायला नको, 'जरा इकडे द्या' म्हणायला नको. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधून करून आणलेलं हे खेळणं इतक्या अचूक विचाराने केलेलं आहे की त्याला खेळणं म्हणताना जीभ अडखळते.

एकदा मात्र घोटाळा झाला. व्हाइसरॉयच्या मेजवानीत विजेचं तंत्र बिघडलं, गाडी सुसाट सुटली आणि पाहुण्यांच्या कपड्यांवर पदार्थांचे शिंतोडे उडवत गेली, असा किस्सा लॅपिएर आणि कॉलिन्स यांच्या 'फ्रीडम ॲट मिडनाइट' या पुस्तकात आहे. थांबवता थांबेना!

या गाडीचे धनी म्हणजे जयाजीरावांचे पुत्र पहिले माधवराव शिंदे (१८७६-१९२५). आगगाडीचं वेड त्यांच्या अंगात भिनलेलं होतं आणि ते टेबलापुरतं राहिलं नाही. त्यांनी संस्थानात खरीखुरी छोटी रेल्वे घातली: ग्वाल्हेर लाइट रेल्वे. रुळांमधलं अंतर फक्त ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. एक फाटा भिंडला, एक शिवपुरीला, आणि एक श्योपूरला. श्योपूरचा मार्ग जवळजवळ २०० किलोमीटरचा; इतक्या अरुंद रुळांवरचा जगातला सगळ्यात लांब मार्ग म्हणून तो ओळखला जाई. सगळा दिवस खर्ची घालून डुगडुगत जाणारी ती गाडी शंभर वर्षांहून जास्त काळ चंबळच्या गावांना शहराशी जोडत राहिली आणि २०२० मध्ये थांबली. आता त्या वाटेवर रुंद रुळांचं काम चालू आहे. रेल्वेच्या इतिहासाचं प्रेम असणाऱ्यांनी टेबलावरच्या गाडीपुढे दोन मिनिटं जास्त थांबावं, ती मोठीची धाकटी बहीण आहे.

काचेचा जिना, काचेचा पाळणा

दालनांमधून फिरताना काचेला तोटा नाही. जिन्याचे कठडे काचेच्या खांबांचे. खुर्च्या, टेबलं कोरीव काचेची. जन्माष्टमीला बाळकृष्णाला जोजवायचा पाळणाही काचेचा आणि तो इटलीहून आणलेला. युरोपातली कारागिरी, आत देवकीचा तान्हा, आणि पाळणा म्हणणाऱ्या मराठी बायका! मला या पाळण्याइतकं या घराचं खरं चित्र दुसऱ्या कशात दिसत नाही.

याशिवाय चांदीचा रथ, पालख्या, बग्ग्या, पेंढा भरलेले वाघ, औरंगजेब आणि शाहजहान यांच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या तलवारी, स्त्रियांसाठीचा घरातला पोहण्याचा तलाव. मुलं बरोबर असतील तर ती मोटारींपाशी अडकतात, विशेषतः पुढच्या बाजूने दार उघडणाऱ्या त्या इवल्याशा ईसेट्टापाशी. वाघांच्या दालनात मी फार रेंगाळत नाही. एके काळी त्याला पराक्रम म्हणत, आज बघवत नाही.

कण्हेरखेडचे पाटील

महाल कितीही इटालियन दिसो, घराण्याचं मूळ गाव आहे सातारा जिल्ह्यातलं कण्हेरखेड, तालुका कोरेगाव. तिथल्या पाटील घराण्यातले राणोजी शिंदे पेशव्यांच्या चाकरीत शिरले. पहिल्या बाजीरावाचे जोडे सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं. धनी आत मसलतीत, राणोजी बाहेर झोपी गेलेले, पण जोडे छातीशी घट्ट धरलेले. बाजीरावाने ते पाहिलं आणि माणूस पारखला, अशी कथा मराठी घराघरांत सांगितली जाते.

या कथेचा उत्तरार्ध त्याहून सुंदर आहे. राणोजींचे पुत्र महादजी १७८४ साली दिल्लीच्या बादशहाचे वकील-इ-मुतलक झाले, म्हणजे बादशाही कारभाराची सगळी सूत्रं त्यांच्या हाती आली. १७९२ मध्ये ते बादशाही फर्मान आणि खिलत घेऊन पुण्याला आले. उत्तर हिंदुस्थान ज्याच्या शब्दावर चालतो असा हा सरदार सवाई माधवराव पेशव्यांच्या दरबारात मानकऱ्यांच्या खाली जाऊन बसला आणि काखेतल्या गाठोड्यातून नवे जोडे काढून त्याने पेशव्यांपुढे ठेवले. वडिलांचं काम हेच, माझंही हेच, असा त्याचा भाव. यात नम्रता किती आणि मुत्सद्देगिरी किती, यावर इतिहासकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. मला वाटतं दोन्ही होतं आणि दोन्ही अस्सल होतं. महादजी स्वतःला अखेरपर्यंत 'पाटील' म्हणवून घेत, त्यांचे समकालीनही त्यांना 'पाटीलबावा' म्हणत.

राणोजींच्या मुलांचा हिशेब मांडला तर अंगावर काटा येतो. जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला मारले गेले. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडले. त्यांचे शेवटचे शब्द आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतात. जयाप्पांचा तरुण मुलगा जनकोजी पानिपतानंतर मारला गेला. महादजी स्वतः पानिपतातून पायाला जबर जखम घेऊन निघाले आणि जन्मभर लंगडत राहिले. वाचले कसे? राणेखान नावाच्या भिस्त्याने, म्हणजे पखालीतून पाणी वाहणाऱ्या माणसाने, त्यांना बैलावर घालून दक्षिणेकडे आणलं. महादजींनी त्याला भाऊ मानलं आणि पुढे आपल्या फौजेत मोठा सेनापती केलं. राणेखानभाई या नावानेच तो कागदपत्रांत भेटतो. पखाल वाहणारा माणूस फौजेचं नेतृत्व करतो आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. त्या काळाची ही बाजू आपण अधिक सांगायला हवी.

जयविलासमध्ये आता या सगळ्यासाठी स्वतंत्र दालन आहे. 'गाथा स्वराज्य की' नावाच्या मराठा दालनाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२२ मध्ये झालं. मराठी माणसाने भेटीची सुरुवात इथूनच करावी. आधी कण्हेरखेड कळलं, तर पुढचं सोनं-चांदी कशाच्या बळावर उभं राहिलं तेही कळतं.

डोंगरावरचा जोतिबा, बीडचे गुरू

शिंद्यांचं कुलदैवत कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीचा जोतिबा. आज आपण 'चांगभलं' म्हणत ज्या देवळात गुलाल उधळतो, ते १७३० साली राणोजी शिंद्यांनी बांधलं. म्हणजे चैत्र यात्रेला डोंगर चढणारा प्रत्येक भाविक शिंद्यांच्या एका वास्तूत जाऊनच येतो, ग्वाल्हेर न पाहताही!

घराण्याचे गुरू मात्र सुफी: बीडचे मन्सूरशाह अवलिया. महादजींची त्यांच्यावर अपार श्रद्धा होती. ग्वाल्हेरात महाराज वाड्यावरच्या गोरखी या जुन्या राजवाड्याच्या आवारात घराण्याचं देवघर आहे आणि मन्सूरशाहांचं स्थानही घराण्याने जपलेलं आहे. कुळाचा देव जोतिबा आणि घराचा गुरू अवलिया, हे दोन्ही एकाच घरात पिढ्यान् पिढ्या सुखाने नांदले.

दसऱ्याला ग्वाल्हेरात असाल तर भाग्यवान. घराण्याचे आजचे वारस शिंदेशाही पगडी आणि पारंपरिक पोशाखात गोरखीच्या देवघरात पूजा करतात, संध्याकाळी मांढरे की माता या देवीपाशी शमीपूजन होतं, शमीला तलवार लागते आणि लोक पानं लुटायला धावतात. सोनं लुटणं म्हणजे काय ते आपण आपट्याची पानं वाटता वाटता विसरलो आहोत. ग्वाल्हेरात ते अजून शब्दशः होतं. ते देऊळही मांढरे या मराठी घराण्याच्या नावाने ओळखलं जातं.

जॉर्ज, मेरी आणि मोडलेली सोयरीक

पहिल्या माधवरावांनी मुलांना दुहेरी नावं ठेवली: मुलगा जॉर्ज जिवाजीराव, मुलगी मेरी कमलाराजे. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी यांच्यावरून. इंग्रजी अमदानीतल्या संस्थानिकांची मनःस्थिती समजून घ्यायला एवढी दोन नावं पुरेत.

याच माधवरावांशी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या इंदिराराजेंचं लग्न ठरलं होतं. दोन्ही संस्थानं एकवीस तोफांच्या सलामीची. अशी संपूर्ण हिंदुस्थानात पाचच होती, त्यांतली मराठ्यांची ही दोन. सोयरीक म्हणजे सोन्याला सुगंध. पण १९११ च्या दिल्ली दरबारात इंदिराराजेंचं मन कूचबिहारच्या राजपुत्रावर जडलं. त्यांनी घरात कुणाला न सांगता थेट माधवरावांनाच पत्र लिहून लग्न मोडलं! १९१३ मध्ये त्यांनी कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी लग्न केलं. त्यांची मुलगी म्हणजे जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी. शंभर वर्षांपूर्वी एका मराठी मुलीने स्वतःच्या सहीनिशी घेतलेला हा निर्णय मला महालातल्या कुठल्याही तलवारीपेक्षा धारदार वाटतो.

माधवरावांचा शेवट दूर देशी झाला, १९२५ मध्ये पॅरिसला. त्यांची छत्री शिवपुरीला आहे, आईच्या छत्रीच्या समोरासमोर. आत त्यांच्या मूर्तीला रोज पोशाख चढवतात, नैवेद्य दाखवतात, गाणं ऐकवतात.

घर उघडलं ते आईने

घराचं संग्रहालय झालं ते राजमाता विजयाराजे शिंदे यांच्यामुळे. त्यांचे पती जिवाजीराव संस्थान विलीन झाल्यावर मध्य भारताचे राजप्रमुख होते (१९४८ ते १९५६). १९६१ मध्ये वयाच्या पंचेचाळिशीतच ते गेले. त्यांच्या स्मरणार्थ राजमातांनी महालाचा एक भाग संग्रहालयासाठी दिला आणि १२ डिसेंबर १९६४ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते ते लोकांसाठी खुलं झालं. चारशेपैकी चाळीसेक खोल्यांत संग्रहालय आहे. बाकीच्या भागात घराण्याचा आजही वावर असतो. म्हणून इथे शिळं वाटत नाही. दोरीच्या पलीकडचं घर चालतं-बोलतं आहे.

मराठी राजघराण्यांची अशी आणखी दोन घरं जाणत्या वाचकाला आठवतील: कोल्हापूरचा न्यू पॅलेस आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास. त्या दोन्हींचे आराखडे एकाच माणसाचे, मेजर चार्ल्स मँटचे. जयविलास वयाने दोघांपेक्षा थोरला.

महालाबाहेर पडल्यावर

महाल पाहून लगेच गाडीत बसू नका. फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे, महालापासून अगदी जवळ. जून १८५८ मध्ये राणी, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांनी ग्वाल्हेर घेतलं तेव्हा जयाजीराव इंग्रजांच्या बाजूला होते आणि आग्र्याला निघून गेले होते. राणी इथेच लढता लढता पडली. इंग्रजांनी किल्ला मात्र त्यानंतरही स्वतःकडेच ठेवला. तो शिंद्यांना परत मिळायला १८८६ उजाडलं. या दोन्ही जागा एकाच दिवशी पाहाव्यात. आपला इतिहास एका बाजूने सांगून पुरत नाही, हे दोन ठिकाणी उभं राहिल्यावर पायांना कळतं.

मग लष्कर भागात शिरा. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून इथे तळ हलवला आणि छावणीचं शहर झालं. गल्ल्यांच्या पाट्या वाचत चला: फालका बाजार, पाटणकर बाजार, खासगी बाजार, शितोळे साहब की गोठ, शिंदे की छावणी, जनकगंज, दौलतगंज, माधोगंज, जिवाजीगंज. शिंद्यांबरोबर आलेले सरदार, कारकून, पुरोहित, शिलेदार नावांच्या रूपाने अजून तिथेच राहतात. अटलबिहारी वाजपेयींचा जन्म याच शिंदे की छावणीतला.

आणि गाणं! मराठी ख्यालगायकीचं आजोळ हेच शहर. जयाजीरावांच्या दरबारी हद्दू खाँ होते. त्यांच्या परंपरेतल्या वासुदेवबुवा जोशींकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले, गाणं महाराष्ट्रात घेऊन आले आणि त्यांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुस्करांनी ते देशभर नेलं. पंडित भातखंडे यांनी माधवरावांच्या आश्रयाने १९१८ मध्ये इथे संगीत विद्यालय काढलं, ते माधव संगीत महाविद्यालय. कृष्णराव शंकर पंडितांसारखा मराठी गवई याच मातीत जन्मला आणि इथेच राहून मोठा झाला. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून मान दिला.

जिवाजीगंजातलं सरोद घर त्यासाठीच चुकवू नये. शिंद्यांच्या दरबारचे सरोदवादक उस्ताद हाफिज अली खाँ यांचं हे वडिलोपार्जित घर. त्यांचे पुत्र उस्ताद अमजद अली खाँ यांचा जन्म याच शहरातला. त्यांनी आपल्या पूर्वजांच्या घराचं वाद्यसंग्रहालय केलं. जुन्या उस्तादांची वाद्यं, छायाचित्रं, मध्ये चौक. चारशे खोल्यांचं घर आणि हे घर, दोन्ही पिढ्यांनी जपलेली. आकाराने लहान असलेलं मनात जास्त दिवस राहतं, असा माझा तरी कौल आहे.

ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे यांचं नावही इथे घ्यायलाच हवं. मुंबई-पुण्यापासून शेकडो मैल दूर राहून त्यांनी मराठी भावगीताला जे लाघव दिलं, त्यावर आपल्या आया-आज्यांचे कंठ पोसले. १९४१ मध्ये ग्वाल्हेरातच ते गेले.

तर निघायचं कसं?

मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम एक्स्प्रेस, गोव्याहून पुणेमार्गे गोवा एक्स्प्रेस: तिन्ही गाड्या ग्वाल्हेरला थांबतात. आग्र्याहून अंतर १२० किलोमीटरच्या आसपास. उन्हाळ्यात तिकडचा लू सोसत नाही, तेव्हा दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस धरा; डिसेंबरात गेलात तर तानसेन समारोहही गाठता येईल. महालाचा साप्ताहिक सुट्टीचा वार आणि वेळा निघण्याआधी विचारून घ्या. आत अर्धा दिवस तरी द्या, मराठा दालनापासून सुरुवात करा, मुलांना आगगाडीचं यंत्र समजावून सांगा. आपल्याकडचे हजारो लोक दर वर्षी दिल्ली-आग्रा करून येतात आणि येता-जाता ग्वाल्हेर स्टेशन फक्त खिडकीतून बघतात. पुढच्या वेळी तिथे उतरा. साताऱ्याच्या पाटलांचं घर आहे ते, आणि दार उघडं आहे.